शनिवारी संध्याकाळी पाच वाजता: ग्रीक बेटांवरच्या नौकेपर्यंत पोहोचण्याचे गणित

२०२५ मध्ये इंडिगोने मुंबई–अथेन्स थेट विमानसेवेची घोषणा केली आणि ग्रीसच्या एजियन कंपनीनेही दिल्ली व मुंबईसाठीचे आपले बेत जाहीर केले. तेव्हापासून पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत सुट्टीचा एक नवा विषय निघू लागला आहे: सहा-आठ जणांनी मिळून शिडाची नौका आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि ग्रीक बेटांमधून हिंडायचे. अथेन्सपर्यंतचे तिकीट काढणे फारसे अवघड नाही. खरा गोंधळ उडतो तो त्यापुढे. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणाऱ्या पारोस बेटावर पोहोचायला कुणी चार तास सांगतो, कुणी एक दिवस. एका बंदराची दोन नावे दिसतात. आणि जुलैमधले निरभ्र आकाश दाखवणारा हवामानाचा अंदाज असतानाही बोटी रद्द झाल्याच्या बातम्या येतात. या लेखात ‘नौका’ म्हणजे आपण भाड्याने घेतलेली शिडाची नौका आणि ‘बोट’ म्हणजे तिकीट काढून जाण्याची प्रवासी फेरीबोट, एवढा भेद सुरुवातीलाच करून ठेवतो, कारण पुढचे सगळे गणित या दोघींच्या वेळा जुळवण्याचे आहे.

ग्रीक बेटे हे एक ठिकाण नव्हे

ग्रीसच्या हद्दीत लहानमोठी मिळून सुमारे सहा हजार बेटे व खडक आहेत आणि त्यांपैकी सव्वादोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती आहे. ही बेटे समुद्रात सारख्या अंतराने विखुरलेली नाहीत. त्यांचे समूह आहेत. अथेन्सच्या अगदी पुढ्यात सारोनिक आखातातली एजिना, पोरोस, हायड्रा ही बेटे आहेत. त्यांच्या आग्नेयेला एजियन समुद्रात सिक्लाडीस समूह आहे, ज्यात पारोस, नाक्सोस, मिकोनोस आणि सँटोरिनी येतात. आणखी पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून, ऱ्होड्स व कोस ही डोडेकनीज समूहातली बेटे आहेत. उत्तरेला स्कियाथोसचा स्पोरेड्स समूह आहे. आणि देशाच्या पश्चिमेला, इटलीच्या बाजूला, कोर्फू, लेफ्काडा, केफालोनिया ही आयोनियन समुद्रातली बेटे आहेत.

शेवटचा समूह बाकीच्यांपासून पूर्ण वेगळा आहे आणि इथेच अनेकांचा बेत पहिल्यांदा फसतो. आयोनियन बेटे आणि एजियन बेटे यांच्यामध्ये ग्रीसची मुख्य भूमी आडवी पडलेली आहे. मधून १८९३ मध्ये खुला झालेला, सुमारे सव्वासहा किलोमीटर लांबीचा कोरिंथ कालवा जातो खरा, परंतु तो इतका अरुंद आहे की मोठ्या फेरीबोटींना त्याचा उपयोग नाही. त्यामुळे कोर्फूहून सँटोरिनीला बोटीने जाण्याची इच्छा ही साधारणपणे रत्नागिरीहून चेन्नईला लाँचने जाण्याच्या इच्छेसारखी आहे. एजियनकडच्या बोटी अथेन्सच्या पिरेयस, राफिना आणि लाव्रियो या तीन बंदरांतून सुटतात. आयोनियनकडच्या बोटी पात्रास, किलिनी आणि इगुमेनित्सा या पश्चिमेकडच्या बंदरांतून. एका समूहातून दुसऱ्यात जायचे तर बहुतेक वेळा अथेन्सला परत यावे लागते, जसे पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाताना दादरला उतरावे लागते.

नावांचा घोळही इथेच मिटवून टाकावा. सँटोरिनीचे अधिकृत नाव थिरा आहे आणि कोर्फूचे केर्किरा. बंदरातल्या फलकांवर आणि पुष्कळदा तिकिटावरही ही ग्रीक नावे असतात.

गणित नौकेपासून उलटे मांडावे

आपल्याकडे प्रवासाची आखणी घरापासून सुरू होते: विमान किती वाजता सुटते, पोहोचते किती वाजता, पुढे काय मिळते. नौकेच्या सुट्टीत ही पद्धत उपयोगी पडत नाही, कारण इथे सगळ्यात ताठर वेळ शेवटच्या टप्प्याची आहे. ग्रीसमध्ये नौका सहसा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळते. पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ती ताब्यात येते. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ती मूळ धक्क्यावर परत आणायची असते आणि शनिवारी सकाळी नऊच्या आसपास रिकामी करून द्यायची असते, कारण त्याच संध्याकाळी दुसरे कुटुंब यायचे असते. लग्नाच्या हॉलचा मुहूर्त जसा आपल्यासाठी थांबत नाही, तसा हा आठवडा थांबत नाही. आपण रविवारी पोहोचलो तर सहा दिवस मिळतात, आणि भाडे सात दिवसांचे द्यावे लागते.

जिथे नौका ताब्यात मिळते आणि जिथे ती परत करायची, त्या धक्क्याला तळ म्हणू या. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तळावर हजर राहणे ही अट धरून मागे मागे यायचे. तळ एखाद्या बेटावर असेल तर त्याआधीची कडी बोटीची किंवा छोट्या विमानाची. त्याआधीची कडी विमानतळ ते बंदर. आणि त्याआधीची मुंबई ते अथेन्स. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळ्या तिकिटावर असते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईचे विमान तीन तास उशिरा आले आणि पिरेयसची बोट सुटून गेली, तर विमान कंपनी बोटीची जबाबदारी घेत नाही आणि बोट कंपनीला विमानाशी काही देणेघेणे नसते.

विमानतळ आणि बंदर यांतले अंतरही पुष्कळांना अनपेक्षित असते. अथेन्सचा विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे आणि पिरेयस नैऋत्येला. मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळावरून थेट पिरेयसपर्यंत जाते आणि तिला साधारण एक तास लागतो. दिवसरात्र धावणारी एक्स ९६ ही बस वाहतुकीनुसार एक ते दीड तास घेते. पिरेयसला उतरल्यावरही काम संपत नाही. ते बंदर विस्तीर्ण आहे, त्याला ‘ई १’ पासून सुरू होणारी क्रमांकित प्रवेशद्वारे आहेत, आणि डोडेकनीजच्या बोटी जिथून सुटतात ते ‘ई १’ हे सारोनिक बेटांच्या ‘ई ८’ पासून सामान घेऊन चालत जाण्याइतके जवळ नाही. मिकोनोस, टिनोस किंवा अँड्रोसला जायचे असेल तर राफिना हे बंदर विमानतळापासून पिरेयसपेक्षा खूपच जवळ पडते, ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

बोटींमधली एसटी आणि शिवनेरी

ग्रीक फेरीबोटी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली मोठी, बहुमजली, पोटात मोटारी आणि मालट्रक घेणारी पारंपरिक बोट. ती आपल्या लाल एसटीसारखी वाटेतल्या बेटांना थांबे घेत जाते. पिरेयसहून निघाली की पारोस, नाक्सोस आणि मग सँटोरिनी, असा तिचा एक नेहमीचा मार्ग असतो. पारोसला साधारण चार तास आणि सँटोरिनीला सात ते आठ तास लागतात. दुसरी जलद कॅटमरान, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर उभी असलेली हलकी व वेगवान बोट, ती शिवनेरी. तिच्यात बसायचे आत, काचेआड, आणि तिकीट बरेच महाग. सँटोरिनी ती पाच तासांच्या आसपास गाठते. सारोनिक आखातात याखेरीज हायड्रोफॉइल चालतात. पाण्याखालच्या पंखांवर अंग उचलून धावणाऱ्या या बोटींना तिथले लोक ‘फ्लाइंग डॉल्फिन’ म्हणतात आणि त्या एजिनाला चाळीस मिनिटांत पोहोचवतात.

एसटी आणि शिवनेरीची तुलना एका जागी मात्र उलटी होते. घाटात दरड कोसळली तर दोन्ही गाड्या अडकतात. समुद्रावर वारा वाढला तर आधी शिवनेरी अडकते. हलकी जलद बोट लाटांवर आपटते, तिला वेग कमी करावा लागतो आणि बंदी आली तर पहिली तिच्यावर येते. जड, संथ पारंपरिक बोट त्याच समुद्रातून डुलत का होईना पार होते. ज्याला बोट लागण्याची भीती आहे आणि ज्याला शनिवार चुकवायचा नाही, अशा दोघांनाही मी संथ बोटीचेच तिकीट घ्यायला सांगेन. वाचलेले दोन तास तसेही धक्क्यावर बसूनच जातात.

या बोटीत चढण्या-उतरण्याची रीत मात्र आपल्या सवयीची आहे. बेटाच्या धक्क्याला बोट पिछाडीने लागते, लोखंडी फळी खाली येते, मोटारी, मोटारसायकली आणि माणसे एकाच वेळी बाहेर पडतात व आत शिरतात, आणि काही मिनिटांत फळी वर जाते. खालच्या मजल्यावर सामानाचे कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. आपली बॅग सँटोरिनीच्या कप्प्यात टाकून पारोसला उतरणाऱ्याची धांदल दादरला चुकीच्या बाजूने उतरणाऱ्यापेक्षा कमी नसते.

निरभ्र आकाशातला वारा

पाऊस नाही, ढग नाही, तरी बोट रद्द का होते, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला सगळ्यात आधी पडतो, कारण आपल्याकडे वादळ काळोख घेऊन येते आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागतो तेव्हा आभाळाकडे पाहूनही कारण कळते. गेटवे ते मांडवा या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे मुंबईकराला ठाऊक असते. एजियन समुद्रात नेमके उलटे घडते. तिथला जोरदार वारा भर उन्हाळ्यात, स्वच्छ उन्हात वाहतो. त्याचे नाव मेल्टेमी. प्राचीन ग्रीक लोकांनाही तो माहीत होता आणि दरवर्षी ठरावीक काळी येणारा म्हणून ते त्याला ‘वार्षिक वारे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

या वाऱ्याचे मूळ थोडेसे आपल्याच पावसाशी जोडलेले आहे. उन्हाळ्यात भारतीय उपखंडावर तापलेल्या जमिनीमुळे जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि मोसमी वारे ओढून आणतो, त्याचे पश्चिमेकडचे टोक इराण-इराकवरून तुर्कस्तानपर्यंत पोहोचते. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. दोन्हींमधल्या या उतारावरून हवा घसरते आणि एजियन समुद्रावर उत्तरेकडून वारा सुरू होतो. म्हणजे ज्या आठवड्यांत सह्याद्री चिंब होत असतो, त्याच आठवड्यांत मिकोनोसच्या छत्र्या उडत असतात. जुलै आणि ऑगस्ट हा त्याचा भर. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्येही तो अधूनमधून येतो, आणि एकदा लागला की कधी एका दिवसात तर कधी आठवड्याने थांबतो.

वाऱ्याचा जोर समुद्रावर बोफर्ट मोजपट्टीने सांगतात. शून्य म्हणजे पूर्ण शांत आणि १२ म्हणजे चक्रीवादळ. मेल्टेमी साधारण ५ ते ७ च्या दरम्यान असतो आणि कधीकधी ८ पर्यंत चढतो. ६ म्हणजे ताशी सुमारे ३९ ते ४९ किलोमीटर, ८ म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. वारा ठरावीक आकड्यापलीकडे गेला की ग्रीक तटरक्षक दल बोटी सोडण्यास मनाई करते. या मनाईला तिथे ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात आणि उन्हाळ्यात बंदरातल्या हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी हा शब्द असतो. बोटीचा प्रकार आणि समुद्राचा पट्टा यांवर मर्यादा ठरते. मोठ्या बोटींच्या बाबतीत ती साधारण ८ च्या आसपास येते, जलद आणि लहान बोटींच्या बाबतीत त्याआधीच. ही कडक शिस्त उगाच नाही. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस सामिना’ ही फेरीबोट पारोसजवळच्या खडकांवर आदळून बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या रात्रीही वारा जोरात होता. बोट खडकावर गेली ती मात्र माणसांच्या हलगर्जीमुळे, आणि त्यानंतर सुरक्षेच्या बाबतीत सवलत मागण्याची कुणाची छाती राहिली नाही.

मग बेटापर्यंत विमानानेच का जाऊ नये?

हा रास्त प्रश्न आहे आणि काही बेटांसाठी त्याचे उत्तर ‘जरूर जावे’ असेच आहे. पिरेयसहून कोसला बोटीने जवळजवळ रात्र जाते. विमानाला तासभर पुरतो. ऱ्होड्सचेही तसेच. कोर्फू, ऱ्होड्स, कोस, सँटोरिनी, मिकोनोस, स्कियाथोस या बेटांवर मोठी विमाने उतरतात, आणि युरोपातल्या अनेक शहरांतून उन्हाळ्यात तिथे थेट विमाने जातात. लंडन-मँचेस्टरकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर अथेन्सची वाट धरण्याचेही कारण नाही. कोर्फू, लेफ्काडाजवळचे प्रेवेझा किंवा कोस इथे सरळ उतरून तासाभरात तळ गाठता येतो.

अडचण लहान बेटांची आहे. पारोस आणि नाक्सोसच्या धावपट्ट्या आखूड असल्यामुळे तिथे मुख्यतः पंख्याची छोटी विमाने जातात. त्यांतल्या जागा मोजक्या, सामानाची मर्यादा कडक, आणि आठ जणांना एकाच विमानात जागा मिळवायची तर तिकिटे फार आधी काढावी लागतात. हायड्रा, टिनोस, इओस, सिफ्नोस यांवर विमानतळच नाहीत. शिवाय वारा विमानालाही चुकत नाही; धावपट्टीला आडवा वारा आला तर लहान विमान उतरत नाही आणि अथेन्सला परत येते. फरक एवढाच की बोटींवरची बंदी दोन-दोन दिवस टिकू शकते, विमानाचे बहुधा काही तासांत निभावते. तेव्हा विमान हा वाऱ्यावरचा इलाज आहे असे समजू नये. तो अंतरावरचा इलाज आहे.

बेटावर जायचेच कशाला?

सगळ्या आखणीत लोक एक साधी गोष्ट विसरतात: नौका स्वतःच बेटांना जाते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी बेट गाठायलाच हवे असा नियम नाही. ग्रीसमधला भाड्याच्या नौकांचा सर्वांत मोठा तळ अथेन्सच्या किनाऱ्यावर, आलिमोस इथे आहे, आणि विमानतळावरून पिरेयसला जाणारी एक्स ९६ बस त्याच किनारपट्टीच्या रस्त्याने जाते. दुसरा तळ लाव्रियोला, अथेन्स ज्यात येते त्या अॅटिका प्रांताच्या दक्षिण टोकाजवळ. तिथून सुनियोच्या कड्यावरचे पोसायडनचे मंदिर डोळ्यांसमोर ठेवून बाहेर पडले की पहिल्याच दिवशी केआ किंवा किथनोस बेट गाठता येते. या दोन्ही तळांसाठी साखळीतली बोटीची कडी पूर्णपणे गळून पडते.

हिशेब करून पाहावा. तळ पारोसला असेल तर मुंबईहून गुरुवारी अथेन्सला उतरावे, शुक्रवारी सकाळच्या बोटीने पारोस गाठावे आणि शनिवार राखीव ठेवावा, म्हणजे शुक्रवारची बोट रद्द झाली तरी शनिवारची मिळण्याची आशा राहते. परतताना शनिवारी सकाळी नौका सोडून बोटीने पिरेयस, रात्रीचा मुक्काम, आणि रविवारचे विमान. नौकेच्या सात दिवसांसाठी एकूण अकरा दिवस गेले. तळ आलिमोसला असेल तर शुक्रवारी संध्याकाळी अथेन्स, शनिवारी निवांत बाजारहाट करून नौका, आणि पुढच्या शनिवारी रात्रीच्या विमानाने परत. नऊ दिवसांत काम होते आणि दोन दिवस वाचतात.

यावर अनुभवी माणूस एक आक्षेप घेईल आणि तो खरा आहे. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते, वेळ दुप्पट लागतो आणि लाटा समोरून आदळतात. मेल्टेमी उत्तरेचा. अथेन्सहून सिक्लाडीसकडे जाताना वारा पाठीशी किंवा कुशीत असतो, म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरण्यासारखे; परत येताना तोच घाट चढायचा असतो, तोही ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने. पहिल्या चार दिवसांत हौसेने दक्षिणेला सँटोरिनीपर्यंत गेलेल्या मंडळींची शुक्रवारपर्यंत परतताना जी दमछाक होते, तिच्यात सुट्टीचा आनंद उरत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आलिमोसहून निघणाऱ्यांनी सारोनिक आखातातच राहावे असे माझे मत आहे. एजिना, पोरोस, मोटारींना मज्जाव असलेले हायड्रा आणि पुढे स्पेट्सेस इथे वारा बराच मवाळ असतो आणि परतीचे अंतर आवाक्यात राहते. सिक्लाडीसच पाहायची असतील तर मे अखेर किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध धरावा.

आयोनियनचा पर्याय आपल्याकडे फारसा कुणी सुचवत नाही, कारण त्या बेटांची पांढऱ्या-निळ्या घरांची छायाचित्रे नसतात. तिकडे मेल्टेमी पोहोचत नाही. सकाळी समुद्र शांत आणि दुपारनंतर वायव्येचा सौम्य वारा, असा बहुतेक दिवसांचा क्रम असतो. तिथल्या लेफ्काडा बेटाचे वैशिष्ट्य असे की ते तरत्या पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे, त्यामुळे तिथे बोटीची गरजच नाही. अथेन्सहून बसने पाच-साडेपाच तास लागतात. एसटीने रात्रभर कोकणात गेलेल्या माणसाला त्याचे काही वाटू नये. मुले बरोबर असतील आणि घरातल्या कुणालाही समुद्राचा सराव नसेल, तर मी हीच वाट निवडेन.

पण सँटोरिनीलाच नौका घेतली तर?

विचारणाऱ्यांपैकी निम्मे हाच प्रश्न विचारतात. सँटोरिनी म्हणजे समुद्राने भरलेले ज्वालामुखीचे विवर आहे. कड्यावरून जे निळे पाणी दिसते ते शेकडो मीटर खोल आहे आणि कडा पाण्यात सरळ उभा उतरतो. नांगर टाकायला समुद्राचा तळच हाताशी लागत नाही. दक्षिणेला व्लिखाडा इथे लहानसे बंदर आहे, पण त्याचे तोंड उथळ असून जागा थोड्या नौकांपुरतीच आहे. एवढ्या प्रसिद्ध बेटावर नौका घेऊन गेलेला माणूस रात्री कुठे थांबायचे या विवंचनेत पडतो. सँटोरिनी पाहायचीच असेल तर नौकेच्या आठवड्याआधी किंवा नंतर विमानाने दोन दिवस जाऊन यावे.

बोट रद्द झाली तर भरपाई मिळत नाही का?

तिकिटाचे पैसे मिळतात. युरोपीय संघाच्या २०१० च्या सागरी प्रवासी नियमानुसार बोट रद्द झाली किंवा दीड तासाहून अधिक रखडली, तर प्रवाशाला पैसे परत घेण्याचा किंवा पुढच्या बोटीने जाण्याचा हक्क आहे. उशिराबद्दलची वेगळी नुकसानभरपाई मात्र धोकादायक हवामानाच्या कारणाने मिळत नाही. आणि बोटीचे पैसे परत मिळाले म्हणून नौकेचा बुडालेला दिवस परत मिळत नाही, कारण तो करार निराळा आहे. प्रवास विमा घेताना ‘पुढचा टप्पा चुकल्यास’ होणारे नुकसान त्यात धरले आहे का, हे वाचून घ्यावे. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त विम्यांमध्ये ते वेगळे तपासावे लागते. हवामानाखेरीज खलाशांच्या संघटनांचे संपही अधूनमधून होतात. ते बहुधा आधी जाहीर होतात, आणि तेव्हा एकही बोट बंदराबाहेर पडत नाही.

व्हिसा, परवाना आणि समोर दिसणारे तुर्कस्तान

भारतीय पासपोर्टवर ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना सामाईक असलेला प्रवेश परवाना. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात मुलाखतीच्या तारखा लवकर संपतात. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यायचा असतो, तिथे नौकेचा करार आणि प्रवाशांची नावे असलेली यादी जोडावी. त्याआधीच्या व नंतरच्या रात्रींसाठी हॉटेलचे आरक्षणही दाखवावे.

कोसच्या तळावर नौका घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. समोर तुर्कस्तानचे बोद्रुम इतके जवळ दिसते की एक दिवस जाऊन येण्याचा मोह होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर ग्रीसमधून बाहेर पडताच तो संपतो आणि परत नौकेवर येता येत नाही.

नौका स्वतः चालवायची तर मान्यताप्राप्त परवाना असलेला एक जण आणि त्याच्या मदतीला अनुभवी असा दुसरा, अशी जोडी लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी तांडेलासह नौका घ्यावी. त्याला तिकडे स्किपर म्हणतात. तो नौकेवरच राहतो, त्याला एक बिछाना द्यावा लागतो आणि त्याच्या जेवणाची सोय आपण करायची असते. त्याने वारा पाहून ‘आज निघायचे नाही’ म्हटले तर वाद घालू नये. त्याला त्या समुद्राची जितकी माहिती असते तितकी आपल्या फोनला नसते.

आपल्या सुट्ट्यांशी हे जमते का?

शाळांची उन्हाळी सुट्टी आणि ग्रीसचा चांगला हंगाम यांचा योग मे महिन्यात जुळतो: हवा फारशी तापलेली नसते, गर्दी कमी असते, पाणी मात्र थंड असते. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आठवड्यात सगळे ग्रीक लोक गावी निघतात, तेवढा टाळावा. २०२७ मध्ये तो सण २ मे रोजी आहे. १५ ऑगस्टला तिकडे मेरी मातेचा मोठा सण असतो, टिनोसला यात्रा भरते आणि त्या दिवसांत बोटींची अवस्था गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांसारखी होते. दिवाळीच्या सुट्टीत जायचे म्हणाल तर ऑक्टोबरअखेर बहुतेक नौका हंगाम संपवून उभ्या राहिलेल्या असतात आणि बोटींच्या फेऱ्याही कमी होतात. आणखी एक गोष्ट: उन्हाळ्याचे बोटींचे वेळापत्रक विमानासारखे वर्षभर आधी लागत नाही, त्यामुळे जानेवारीत एखाद्या बेटाला बोट दिसली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये.

परतीचा दिवस येतानाच्या दिवसापेक्षा अवघड असतो. येताना बोट चुकली तर नौका धक्क्यावर उभी असते आणि एखादा दिवस कमी मिळतो. जाताना बोट अडली तर मुंबईचे विमान निघून जाते आणि ऐन हंगामात आठ जणांची नवी तिकिटे घ्यावी लागतात. म्हणून राखून ठेवायचा दिवस एकच मिळत असेल, तर तो सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवावा: शनिवारी सकाळी नौका रिकामी करायची, पहिल्या पारंपरिक बोटीने पिरेयसला यायचे आणि विमान रविवारचे घ्यायचे. आणि सामान चाकांच्या कडक बॅगांत न भरता घडी पडणाऱ्या पिशव्यांत भरावे, कारण नौकेच्या केबिनमध्ये कडक बॅग ठेवायला जागा नसते आणि आठवडाभर ती कुणाच्या तरी उशाशी उभी राहते.